हिला कळतं का?

कमलाकरराव भालेराव फ्रिजला पाठ टेकून, दोन्ही हात आडवे पसरून, मान एका बाजूला टाकून उभे राहिले. बकुळ लगबगीने आली आणि तिने त्यांच्या हातात चादरीची दोन टोकं दिली.

तिची काही चूक नव्हती. या घरात हात पसरून उभं राहायचं ते वाळलेल्या चादरीची घडी घालायलाच. चाळीस वर्षं हे बहीणभाऊ समोरासमोर उभे राहून तेच करत आले होते. तिने आपली दोन टोकं धरली, चादर झटकून ताणली, आणि भाऊ तसाच मान टाकून उभा आहे म्हटल्यावर घशातून 'अं!' केलं. म्हणजे, झोपलास काय, ये की पुढे.

कमलाकरराव पुढे गेले. घडी घातली. करतात काय!

ओट्याशी स्नेहलताबाई कणीक मळत होत्या. त्यांनी हसू दाबलं, पण ते फुटलंच. "अहो, क्रूसावर होतात ना तुम्ही? इतक्यात उतरलात कसे?"

"तुला चेष्टा सुचतेय. परवा सोमवार आहे."

"मग? सोमवार आहे म्हणून फ्रिजला लटकायचं? तो आधीच दार नीट लागत नाही म्हणून रडतोय."

सोमवारी बकुळचं ऑपरेशन होतं. पोटात गाठ होती, ती काढायलाच हवी होती, आणि हृदय मात्र पार थकलेलं. डॉक्टरांनी कमलाकररावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अंकल, टेबल पे कुछ भी हो सकता है. आप तैयारी से आइएगा." त्या घटकेपासून या माणसाचं बूड कुठं टेकत नव्हतं. बसले की उठायचे, उठले की अंगणात जायचे, अंगणातून परत आत. सदुसष्ट वर्षांचा रेल्वेतला रिटायर्ड माणूस, पण परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या पोरासारखी गत झालेली.

बहीण जाईल, ही धास्ती होतीच. पण खरी धास्ती दुसरीच होती, आणि ती बोलून दाखवायचीही चोरी. गेली तर ती जाईल कुठं?

भालेरावांचं घराणं नगरकडचं. आजोबा रेल्वेच्या कारखान्यात म्हणून झाशीला आले, ते इथलेच झाले. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. जेवणाआधी प्रार्थना, निजण्याआधी शास्त्रवाचन, पोरं बारा वर्षांची होईतो विश्वासांगीकार घडाघडा म्हणणार. आणि या सगळ्याच्या ऐन मध्यात ही बकुळ, जन्मापासून ठार बहिरी. अशा मुलांना शिकवता येतं हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे अक्षर नाही, शब्द नाही. एकसष्ट वर्षांची झाली, पण येशू म्हणून कोणी होऊन गेला हे तिला आजवर कोणी सांगू शकलं नव्हतं.

खुणा मात्र घरात शंभर होत्या. ओठावरून बोट फिरवलं की दादा, मनगटावर बांगडी फिरवली की वहिनी. सिलिंडर संपला त्याला खूण, लाईट गेली त्याला खूण, दूधवाल्याने पाणी घातलं त्याला तर अशी खूण की पाहुण्यांसमोर करायची सोय नव्हती. गेल्या आठवड्यात कमलाकररावांच्या ध्यानात आलं की देवाला खूण नाही. चार पिढ्यांचं भक्तिमान घर, आणि साठ वर्षांत देवाला खूण करायची गरजच कोणाला वाटली नाही! प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात म्हणून ती मिटायची, आणि मधेच एक डोळा किलकिला करून बघायची, उरकलं का म्हणून.

कमलाकररावांचं दुखणं आणखी खोल होतं. गिरजाघराच्या बायबल क्लासात त्यांचा दरारा होता. दूर कुठल्या बेटावर, जंगलात, ज्यांनी येशूचं शुभवर्तमान कधी ऐकलंच नाही त्यांचं काय होणार, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी काढायचं, आणि दरवर्षी कमलाकरराव ठणकावून सांगायचे, "ऐकल्याशिवाय विश्वास नाही, विश्वासाशिवाय तारण नाही. नियम म्हणजे नियम." बेटावरची माणसं लांब होती तोवर हे बोलायला सोपं होतं. आता बेट स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलं होतं.

आणि एक गोष्ट तर फक्त त्यांना आणि स्नेहलताबाईंना माहीत होती. बकुळ सोळा वर्षांची असताना तिच्या बरोबरीच्या मुलामुलींचं दृढीकरण झालं. ते झालं की प्रभुभोजनात भाग घेता येतो, पुढे जाऊन भाकर आणि प्याला घेता येतो. साळवे पाळकबाबा कनवाळू माणूस. त्यांनी आईला आणि कमलाकरला आतल्या खोलीत बोलावलं. म्हणाले, "तिला प्रश्नोत्तरं विचारता येणार नाहीत, मी जाणतो. तिची भाषा तुला येते, कमलाकर. तू एकदा सांग, म्हणजे झालं. प्रभू कोण, त्याने काय केलं, हे हिला कळतं का?"

कमलाकर तेव्हा बावीसचा. यार्डात वॅगन तपासायला नुकता लागलेला. उस्तादाने पहिल्याच दिवशी कानात भरलं होतं, हातोडी मारून आवाज ऐकल्याशिवाय चाक पास करायचं नाही, मग साहेब उभा असो की साहेबाचा बाप. अंगात खरेपणाची मस्ती होती. आई त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, "नाही."

घरी येताना आई एवढंच बोलली, "हो म्हणाला असतास तर जीभ झडली असती का रे तुझी?"

त्यानंतर पाळक बदलले, मराठी उपासना गेली, हिंदी आली. बकुळचं नाव एकदा राहिलं ते राहिलं. पंचेचाळीस वर्षं ती गिरजात येत होती, आणि लोक भाकर घ्यायला पुढे गेले की बाकावर बसून राहत होती.

चादरीचा प्रयोग फसल्यावर कमलाकररावांनी दुसरा उपाय काढला. रविवारच्या मुलांच्या शाळेतली जुनी रंगीत चित्रं ते कालच गिरजाच्या कपाटातून घेऊन आले होते. बकुळला खुर्चीवर बसवून त्यांनी एकेक चित्र पुढे धरलं. गोठ्यातलं बाळ. ते तिला फार आवडलं. तिने बाळाच्या गालावरून बोट फिरवलं आणि गाईकडे बघून दूधवाल्याची ती खूण केली. मेंढरू खांद्यावर घेतलेला माणूस, तोही पसंत. कमलाकररावांना हुरूप आला. मग त्यांनी क्रूसाचं चित्र काढलं.

बकुळचा चेहरा बदलला. तिने चित्र हिसकावून डोळ्यांजवळ नेलं. हातातले खिळे पाहिले, पायातले पाहिले, बरगडीतली जखम पाहिली. मग चित्रातल्या शिपायावर बोट आपटून भावाकडे असं पाहिलं की जणू यानेच त्याला नोकरीवर ठेवलं होतं. कमलाकरराव घाईघाईने वर बोट दाखवू लागले, छातीवर हात ठेवू लागले, तिच्याकडे बोट करू लागले. तुझ्यासाठी, बकुळ, तुझ्यासाठी! तिने खिळ्यांकडे बोट केलं. मग स्वतःच्या पोटाकडे. मग दाराकडे, जिथून हॉस्पिटलला जायचं होतं.

सोमवारी माझं असं करणार आहात?

"नाही, नाही गं!" ते ओरडलेच, जसं काही तिला ऐकू जाणार होतं. पण ती उठली, हॉस्पिटलची फाईल कपाटावरून काढली, आपल्या गादीखाली सारली आणि वर बसली.

स्नेहलताबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. आता त्या हसत नव्हत्या. "शाब्बास! तारण करायला निघालात आणि बाईची गाळण उडवलीत. परवा ही उठलीच नाही तर काय फरफटत नेणार?"

"मी सांगायला गेलो होतो की—"

"कळलं काय सांगायला गेला होतात ते. व्हा बाजूला."

बाई तिच्याशेजारी बसल्या. गालाखाली हात ठेवून झोपेची खूण केली. पोटावरून बोट फिरवलं, मग ब्लाऊजला टाके घालतो तसे हवेत टाके घातले, दात लावून दोरा तोडला, डोळे उघडले, आणि दोन्ही गाल फुगवून दाखवले, म्हणजे खाऊनपिऊन धडधाकट. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा बकुळने फाईल परत दिली. फक्त ओठावरून बोट फिरवून फाईलकडे दाखवलं. दादा तिथं असला पाहिजे.

कमलाकररावांना ते पाहवलं नाही. बायकोला पाच मिनिटांत गाठीचं ऑपरेशन सांगता येतं आणि आपल्याला साठ वर्षांत एक तारणारा सांगता येत नाही! त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली.

दाराशी वामन पेंडसे उभे होते. तेही रेल्वेतलेच, शेजारचे, आणि ओरछा गेटच्या या गल्लीत मराठी बोलायला उरलेला दुसरा माणूस म्हणजे तेच. बायको गेल्यापासून त्यांचा अर्धा दिवस भालेरावांच्या ओट्यावर जायचा. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण या गल्लीत न ऐकणं शक्यच नव्हतं.

"कमलाकरराव, तुमच्या देवाचं रिझर्वेशन भारी कडक बुवा! वेटिंग नाही, आरएसी नाही. आमच्यात बरं असतं. या गाडीत नाही जमलं तर पुढच्या गाडीत."

"वामनराव, थट्टा नको. माझ्या जिवाची काय अवस्था आहे ते मला माहीत."

वामनराव जवळ सरकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या हिच्या आजारपणात बकुळताईंनी तीन महिने दोन वेळचा डबा दिला मला. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. भिंतीवरून नुसती ताटली वाजवायच्या. त्या जिथं जाणार असतील ना, तिथलं माझंही तिकीट काढा. दुसरीकडे मला जायचं नाही."

यावर कमलाकररावांकडे उत्तर होतं. चांगल्या कामांनी तारण होत नाही, हे त्यांनी पन्नास वेळा शिकवलं होतं. आज मात्र त्यांनी स्कूटरला किक मारली.

छावणीतल्या रस्त्यांवर दुपारी चिटपाखरू नसतं. पादरी अशोक मसीह गिरजाच्या मागच्या क्वार्टरमध्ये रविवारचा उपदेश लिहीत बसले होते. पस्तिशीचा माणूस, कमलाकररावांना अंकल म्हणायचा आणि थोडा वचकूनही असायचा. पाणी यायच्या आतच कमलाकररावांनी विचारलं.

"पादरी साहब, सीधा बताइए. जिसने सुना ही नहीं, उसका क्या होगा?"

"अंकल, आप ही तो क्लास में बताते हैं—"

"मैं क्या बताता हूँ छोड़िए. आप बताइए."

पादरींनी पेन खाली ठेवलं. "देखिए, कुछ लोग मानते हैं कि बिना सुने उद्धार नहीं. कुछ कहते हैं, जिसको जितना उजाला मिला, उससे उतने का ही हिसाब लिया जाएगा. कुछ कहते हैं, छोटे बच्चों की तरह परमेश्वर उनको अपनी दया में ले लेता है. और कुछ तो ये भी मानते हैं कि मरने के बाद प्रभु ख़ुद उनसे—"

"कुछ लोग, कुछ लोग! आप क्या मानते हैं?"

पादरींनी उपदेशाचा कागद पालथा घातला. "मैं नहीं जानता, अंकल. मैं इतना जानता हूँ कि वो बेइंसाफ़ी नहीं करेगा."

"रेल्वे में ऐसा लिखके देते ना, तो चार्जशीट मिलती," कमलाकरराव म्हणाले. एवढा करारी माणूस, पण टेबलाची कड धरून लहान पोरासारखा रडला. त्यांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती आतली खोली सांगितली, पाळकबाबांचा प्रश्न सांगितला, आपलं 'नाही' सांगितलं. "दरवाज़ा मैंने बंद किया है, पादरी साहब. किसी और ने नहीं."

पादरींनी त्यांना पाणी दिलं. मग म्हणाले, "कल इबादत के बाद मैं घर आता हूँ, प्रभु भोज लेकर. सब घरवालों के साथ लेंगे. बस, पूछना मुझे भी पड़ेगा. नियम है. आप इतना कह दीजिए कि वो समझती हैं. आपकी बात पर मुझे पूरा भरोसा है."

पुन्हा तोच प्रश्न! परतीच्या वाटेवर कमलाकररावांना काहीच सुचेना. हो म्हणालो तर देवाच्या ताटासमोर खोटं. नाही म्हणालो तर परवा ती अशीच जाईल. लक्ष्मी गेटजवळ एका टेम्पोवर आदळता आदळता वाचले, आणि टेम्पोवाल्याने बुंदेलीत त्यांच्या सात पिढ्या काढल्या त्याही त्यांनी मुकाट ऐकून घेतल्या.

रविवारी बकुळला थकवा होता म्हणून कोणीच गिरजात गेलं नाही. बाराच्या सुमारास पादरी आले. पांढऱ्या रुमालाखाली छोटं ताट, त्यात पावाचे चौकोनी तुकडे, सोबत लहानसा प्याला. स्नेहलताबाईंनी धुतलेला टेबलक्लॉथ घातला होता. बकुळने निळी साडी नेसून केस नीट विंचरले होते, पाहुणा येणार एवढं तिला कळलं होतं. ती आणि कमलाकरराव सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. स्नेहलताबाई खुर्चीवर.

पादरींनी पुस्तक उघडलं, खुणेची फीत बाजूला केली, आणि अवघडून विचारलं, "अंकल... समझती हैं ना?"

स्नेहलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अगदी तसंच पाहिलं जसं आईने पाहिलं होतं.

"हाँ," कमलाकरराव म्हणाले. "समझती है."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न तपासता पास केलं. पण मोकळं वाटलं, खोटं का बोलायचं! पादरींच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. बिचारे इतके घाईला आले की आधी प्रार्थना म्हणायची हेही विसरले. रुमाल काढून त्यांनी ताट सरळ बकुळपुढे धरलं.

बकुळने ताटाकडे पाहिलं. पादरींकडे पाहिलं. मग हळूच मान हलवली, नाही. आणि आपला उजवा हात आपल्याच गुडघ्यावर ठेवून दोनदा खाली दाबला.

"क्या कह रही हैं?" पादरींनी विचारलं.

ती खूण कमलाकररावांचीच होती. त्या 'नाही'नंतरच्या पहिल्याच रविवारी लोक पुढे जायला उठले, तेव्हा बकुळही आईच्या पाठोपाठ उठली होती, सोळा वर्षांची, नव्या रिबिनी बांधलेली. कमलाकरने तिला हाताला धरून खाली बसवलं होतं. तिच्या गुडघ्यावर हात दाबून मान हलवली होती. तू नाही. बस. दुसऱ्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी तो तिच्याकडे वळला तेव्हा तिने आधीच आपला हात आपल्या गुडघ्यावर ठेवला होता, आणि शहाण्या मुलीसारखी त्याच्याकडे बघून हसली होती. पुढे तो विसरून गेला. ती विसरली नव्हती.

देवाबद्दल एक गोष्ट या घराने तिला शिकवली होती, आणि ती तिला पक्की समजली होती.

"अंकल?"

"कहती है, मेरे लिए नहीं है," कमलाकरराव म्हणाले. "मैंने सिखाया है, पादरी साहब. मैंने."

त्यांनी तिचा हात धरून गुडघ्यावरून उचलला, ताटाकडे नेला. तिने सोडवून घेतला आणि परत जागेवर ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. नियम मोडणाऱ्या थोरल्या भावाला दटावावं तसं काहीतरी होतं. पादरी तसेच वाकून उभे. स्नेहलताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अंकल, आप लीजिए पहले. आपको देखके शायद—" ताट कमलाकररावांपुढे आलं.

कमलाकररावांनी ताटाकडे पाहिलं. मग आपला हात आपल्या गुडघ्यावर ठेवला, दोनदा दाबला, आणि मान हलवली.

बकुळच्या कपाळाला आठी पडली. हे काय नवीन? तिने त्यांच्या दंडाला धरून ढकललं, ऊठ, घे. ते हलले नाहीत. तिने ओठावरून बोट फिरवलं, ताटाकडे दाखवलं. दादाचं आहे हे, दादाचं! त्यांनी पुन्हा मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. बकुळ घाबरी झाली. दादाला कोणी नाही म्हटलं? कोणी बसवलं याला? तिने पादरींकडे पाहिलं, कालच्या त्या चित्रातल्या शिपायाकडे पाहिलं होतं तसंच. बिचारे पादरी एक पाऊल मागे सरले.

मग तिने स्वतःच हात पुढे केला, एक तुकडा उचलला आणि भावाच्या ओठांवर टेकवला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. तिने दुसऱ्या हाताने त्यांच्या हनुवटीला धरून, हट्टी पोराला भरवावं तसा तो अंगठ्याने आत ढकलला. कमलाकररावांनी अर्धाच तोडून चावला. तिने घशाकडे बघून खात्री करून घेतली की गिळला.

तिच्या बोटांत अर्धा तुकडा राहिला होता. तिने तो थोडा वेळ न्याहाळला, भावाच्या गुडघ्यावरचा हात काढून आपल्या मांडीवर घेतला, आणि तुकडा आपल्या तोंडात टाकला.

पादरींच्या हातात पुस्तक उघडंच होतं. शब्द म्हणायचे राहून गेले होते.